१.३ डिझेलला स्वस्तातला ऑइल कॅच कॅन : नोझल, जाळी, पाइप आणि प्रेशरची तपासणी

तेराचा_पाना

स्विफ्ट, रिट्झ, डिझायर, व्हिस्टा, पुंटो, लिनिया यांच्या १.३ डिझेल मॉडेलांत एकच १२४८ सीसीचं फियाटचं मल्टिजेट इंजिन आहे. मारुतीने त्याला डीडीआयएस म्हटलं, टाटाने क्वाड्राजेट. मारुतीने एप्रिल २०२० पासून डिझेल बंद केलं, तरी या गाड्या रस्त्यावर भरपूर आहेत आणि आता त्यांचं वय झालंय. इंटरकूलरचा पाइप सोडवला की आत ऑइल ओघळलेलं दिसतं आणि इनटेक मॅनिफोल्डमध्ये डांबरासारखा थर सापडतो. ऑइल येतं ब्रीदरमधून, काजळी येते ईजीआरमधून (धुराचा काही भाग परत इंजिनात सोडणारी व्यवस्था). दोन्ही एकत्र आले की थर बसतो. कॅच कॅन म्हणजे ब्रीदर पाइपच्या मध्ये बसवायचा, ऑइल गोळा करणारा डबा; तो यातलं फक्त ऑइल अडवतो. काजळी येतच राहते, पण कोरडी काजळी इतकी चिकटत नाही.

पिस्टन रिंगांच्या बाजूने जो गॅस चेंबरमध्ये (क्रँककेस, म्हणजे क्रँक फिरतो तो इंजिनचा खालचा भाग) उतरतो तो ब्लो-बाय. तो बाहेर पडताना ऑइलचं धुकं सोबत नेतो. टॅपेट कव्हरवरून (इंजिनच्या डोक्यावरचं झाकण) ब्रीदर पाइप निघतो आणि एअर फिल्टर व टर्बो (हवा दाबून इंजिनात ढकलणारा पंखा) यांच्या मधल्या हवेच्या पाइपला मिळतो. कंपनीचा सेपरेटर मोठे थेंब परत पाठवतो, बारीक थेंब निसटतात. कॅन बसवायचा तो याच ब्रीदर पाइपच्या मध्ये. एक तोंड इंजिनकडे, दुसरं टर्बोकडे. दुसरं तोंड मोकळं सोडायचं नाही.

ऑनलाइन हजार-पंधराशेला ॲल्युमिनियमचे ३०० ते ७५० मिलीचे डबे मिळतात. स्वस्त डब्याची अडचण डब्यात कमी आणि त्याच्या नोझलांत जास्त असते. बहुतेकांना ९ किंवा १२ मिमीची नोझल येतात. आता हिशोब करा. ब्रीदर पाइपचं आतलं माप समजा १९ मिमी. त्याचं क्षेत्रफळ साधारण २८३ चौरस मिमी. ९ मिमी नोझलचं ६४. म्हणजे वाट पावभरसुद्धा राहिली नाही. १२ मिमी घेतलं तरी ११३, म्हणजे ४० टक्के. गॅस अडला की चेंबरमध्ये दाब वाढतो, आणि तो दाब क्रँकच्या ऑइल सीलमधून किंवा डिपस्टिकमधून वाट काढतो. डिझेलमध्ये आणखी एक गोष्ट होते आणि ती लोकांच्या लक्षात येत नाही: टर्बोचं ऑइल परत चेंबरमध्ये निव्वळ उताराने येतं, त्यामागे पंप नसतो. चेंबरमध्ये दाब असेल तर ते ऑइल टर्बोतच तुंबतं आणि त्याच्या सीलमधून हवेच्या पाइपमध्ये शिरतं. ऑइल थांबवायला लावलेल्या डब्यामुळेच ऑइल वाढतं, आणि मग टर्बो गेला असं निदान होतं.

म्हणून आधी आपला ब्रीदर पाइप व्हर्नियरने मोजा आणि नोझल त्याच मापाची किंवा मोठी घ्या. १९ मिमी नोझलचे डबे थोडे महाग पडतात पण मिळतात.

डबा आला की आधी उघडायचा. आत मशिनिंगचा ॲल्युमिनियमचा चुरा असतो, तो टर्बोत जाता कामा नये. रॉकेल किंवा डिझेलने दोनदा धुवा, नोझलच्या आतल्या कडांवरची धार गोल कानशीने मारा, पुन्हा धुवा, वाळवा. झाकणाखालची ओ-रिंग बहुधा कडक असते. तिच्या मापाची नायट्राइल रबराची ओ-रिंग हार्डवेअरच्या दुकानात दहा-वीस रुपयांत मिळते. डब्याच्या डोक्यावर छोटा गोल फिल्टर दिला असेल तर तो काढून त्या जागी आंधळा बोल्ट आणि तांब्याचा वॉशर लावा.

स्वस्त डब्यात जाळी नसते. नुसत्या पोकळ डब्यातून गॅस एका तोंडाने येऊन दुसऱ्या तोंडाने निघून जातो, ऑइल फारसं अडत नाही. धुक्याला आपटायला पृष्ठभाग हवा. आत येणारं नोझल नळीने डब्याच्या खालच्या तिसऱ्या भागापर्यंत न्यायचं, बाहेर जाणारं वरच्या टोकाला ठेवायचं, आणि दोन्हींच्या मध्ये जाळी भरायची. भांड्यांची स्टेनलेस स्टीलची घासणी, जिच्यात चपटी कुरळी तार असते, ती चालते. ५०० मिलीच्या डब्याला एक, फार तर दोन, सैल पिंजून. स्टील वूल अजिबात नको, त्याचे केसासारखे तंतू तुटतात आणि गंजतात. घासणी घेतल्यावर मिठाच्या पाण्यात रात्रभर ठेवा; गंज दिसला तर ती टाकून द्या.

घासणीच्या वर आणि खाली भोकांचा पत्रा हवाच. तारेचा तुकडा कॉम्प्रेसर व्हीलमध्ये गेला तर टर्बोच बदलावा लागेल. १ मिमीचा ॲल्युमिनियम किंवा स्टेनलेस पत्रा डब्याच्या आतल्या व्यासाला कापा. ४ मिमीच्या एका भोकाचं क्षेत्रफळ साडेबारा चौरस मिमी, म्हणजे १९ मिमी पाइपच्या बरोबरीला २३ भोकं लागतात. जाळी अर्धी तुंबली तरी गॅस जावा म्हणून ४५-५० पाडा. सगळं बसवून तोंडाने फुंका. फुंकताना जोर लागला तर घासणी जास्त झाली.

लेथमास्तर_चाकण

उत्तम लिहिलंय. नोझलबद्दल भर घालतो.

डबा आधीच घेऊन ठेवला असेल आणि नोझल ९-१२ मिमीची असतील तर फेकू नका. बहुतेक डब्यांना नोझल आटे पाडून बसवलेली असतात. ती काढून टाका आणि भोक मोठं करून नवीन आटे पाडून घ्या. १९ मिमी आतलं माप हवं तर बाहेरचा आटा पाऊण इंची बीएसपी (पाइपच्या आट्यांचं ठरलेलं माप) धरावा लागतो. त्यासाठी झाकणाची जाडी किमान ८ मिमी पाहिजे, नाहीतर आटे तीन-चारच लागतात आणि हलून ढिले होतात. झाकण पातळ असेल तर ॲल्युमिनियमचा बॉस वेल्ड करून घ्यावा. टिग वेल्डिंगवाला हे काम थोडक्यात करतो. एम-सील आणि ॲराल्डाइटवर भरवसा ठेवू नका. बॉनेटखालची उष्णता आणि ऑइलची वाफ यांनी ती पकड सोडतात.

आट्यांना टेफ्लॉन टेप नको. टेपचे तुकडे आत सुटतात. ॲनारोबिक थ्रेड सीलंट दोन थेंब, तेही पहिले दोन आटे सोडून.

मुळशीकर

पाइप कोणता घ्यायचा? दुकानात रेडिएटर होज, हीटर होज, निळा सिलिकॉन आणि पारदर्शक पाइप असं सगळं दाखवतात.

तेराचा_पाना

@मुळशीकर, यातलं एकही नको.

रेडिएटर आणि हीटर होज ईपीडीएम रबराचे असतात. पाणी-कूलंटला उत्तम, पण ऑइल लागलं की फुगतात, मऊ पडतात आणि क्लिपखालून निसटतात. साधा सिलिकॉन होज दिसायला सुंदर, पण ऑइलची वाफ त्याच्या भिंतीतून पाझरते आणि काही महिन्यांत बाहेरून ओलसर होतो. आतून फ्लोरोसिलिकॉनचा थर असलेला चालतो, पण तो महाग. पारदर्शक पीव्हीसी गरम झाला की चपटा होतो आणि गार झाला की काचेसारखा कडक.

हवा तो नायट्राइल रबराचा ऑइल होज, आत कापडाचा किंवा दोऱ्याचा थर असलेला. पुण्यात नाना पेठेत, मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडला, नाहीतर कुठल्याही एमआयडीसीतल्या हायड्रॉलिक होजच्या दुकानात मीटरवर मिळतो. या कामाला दीड मीटर पुरतो. बोटांनी दाबून वाकवून बघा. वळणावर चपटा होत असेल तर जाड भिंतीचा घ्या किंवा तिथे तयार ९० अंशाचं एल्बो लावा.

लांबी जितकी कमी तितकी बरी. इंजिनकडून डब्याकडे पाइप सतत उतरता असावा. मध्ये झोळ पडला तर त्या झोळात ऑइल आणि पाणी साचतं आणि वाट बंद होते. डब्याकडून टर्बोकडे जाणारा पाइप डब्यातून आधी वर चढलेला बरा, म्हणजे त्यात जमलेला थेंब परत डब्यातच येतो.

घाटमाथा

माझं मत थोडं वेगळं आहे, आणि ते या धाग्यात नोंदलेलं असावं.

पाइपमध्ये ऑइल दिसलं की लोक थेट डब्याकडे वळतात. त्याआधी तीन गोष्टी बघाव्यात. एक, डिपस्टिकवर ऑइल वरच्या खुणेच्या वर आहे का. गॅरेजात अंदाजाने ओतलेलं जास्तीचं ऑइल क्रँक घुसळतो आणि ते धुकं होऊन ब्रीदरमधून जातं. दोन, एअर फिल्टर. तो तुंबला की टर्बोची ओढ वाढते आणि ती ब्रीदरमधूनही जास्त ओढते. तीन, कंपनीच्या सेपरेटरची ऑइल परत जाण्याची वाट गाळाने बंद झालीय का. या तीन गोष्टींतच पुष्कळदा प्रश्न मिटतो.

आणि पाइपच्या आत हात लावल्यावर बोटाला लागेल इतका ओलसरपणा हा टर्बो डिझेलमध्ये दोष नाही. पाइप उलटा केल्यावर ऑइल ओघळत असेल तर तो दोष.

तेराचा_पाना

@घाटमाथा, पूर्ण सहमत. डबा घ्यायच्या आधी हे तीन तपासलेच पाहिजेत.

चौथी तपासणी मी जोडतो, आणि माझ्या मते पूर्ण धाग्यात हीच सर्वांत महत्त्वाची: चेंबरचा दाब मोजणे. खर्च पन्नास रुपये. ८ मिमीचा पारदर्शक पाइप दोन मीटर घ्या. फळीवर इंग्रजी यू आकारात बांधा, प्रत्येक बाजू किमान ५० सेंमी उंच. अर्ध्यापर्यंत रंगीत पाणी भरा, शेजारी मोजपट्टी चिकटवा. एक टोक मोकळं, दुसरं डिपस्टिकच्या नळीला घट्ट. इंजिन पूर्ण गरम करून आयडलला आणि मग ३००० आरपीएमला दोन्ही बाजूंच्या पाण्याच्या पातळीतला फरक लिहून घ्या. १० मिमी पाणी म्हणजे साधारण १ मिलिबार.

काही इंजिनांत डिपस्टिकची नळी ऑइलच्या पातळीच्या खाली उतरलेली असते, तिथे हे माप खोटं येतं. अशा वेळी ऑइल भरायच्या टोपणाचा उपयोग करा. जुनं टोपण आणा, त्याला भोक पाडून नळी बसवा.

डबा बसवण्याआधी एकदा आणि बसवल्यावर लगेच एकदा मोजा. ब्रीदरला टर्बोची हलकी ओढ असल्याने पाणी इंजिनच्या बाजूला किंचित चढलेलं दिसायला हवं. डबा लावल्यावर ३००० आरपीएमला आकडा दाबाकडे २०-३० मिमीने सरकला तर कुठेतरी अडथळा आहे: नोझल, जाळी किंवा वळण. तो काढल्याशिवाय गाडी चालवू नका. आणि डबा लावण्याआधीच दाब दिसत असेल तर रिंगा किंवा सेपरेटर बघा, डबा तिथे उपाय नाही.

किल्ली_चालू

पेट्रोल बलेनो, के सिरीज १.२. याच पद्धतीने बसवायचा का? आणि फायदा किती?

घाटमाथा

@किल्ली_चालू, तुमच्या इंजिनात इंजेक्टर व्हॉल्वच्या आधी, पोर्टमध्ये पेट्रोल मारतात. ते पेट्रोल व्हॉल्वची पाठ धुऊन काढतं. ब्लो-बाय निरोगी असेल तर कॅच कॅनचा फायदा नगण्य. तेच पैसे वेळेवर ऑइल बदलण्यात आणि पीसीव्ही व्हॉल्व (चेंबरमधला गॅस मॅनिफोल्डकडे सोडणारा) बदलण्यात घाला.

डायरेक्ट इंजेक्शनची गोष्ट निराळी. कुशाक-टायगुनचं १.० टीएसआय, व्हेन्यू-सोनेटचं १.० टर्बो, फ्रॉन्क्सचं बूस्टरजेट यांत पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये जातं. व्हॉल्वच्या पाठीवर पडलेलं ऑइल धुवायला काहीच नाही, ते भाजून कार्बन होतं. तिथे डब्याला अर्थ आहे. तरी पूर्ण सुटका नाही, कारण व्हॉल्वच्या स्टेम सीलमधूनही थोडं ऑइल उतरतं. शिवाय टीएसआयच्या या पिढीत सेपरेटर ब्लॉकलाच बसवलेला आहे, मध्ये कापायला सरळ पाइप नाही. स्वस्त डबा तिथे जोडायचा खटाटोप करू नये.

तेराचा_पाना

पेट्रोलला बसवायचाच असेल तर एक मोठा फरक लक्षात ठेवा. तिथे डबा पीसीव्ही व्हॉल्व आणि मॅनिफोल्ड यांच्या मध्ये येतो, म्हणजे डब्यावर मॅनिफोल्डचा पूर्ण व्हॅक्यूम असतो. झाकणातून किंवा बाजूच्या पारदर्शक लेव्हल ट्यूबमधून जरा जरी हवा शिरली तरी आयडल वर-खाली होतो, मिश्रण पातळ होतं आणि चेक इंजिनचा दिवा पी०१७१ कोड घेऊन येतो. लेव्हल ट्यूब असलेला डबा पेट्रोलला घेऊच नका, किंवा तिची दोन्ही भोकं बंद करा. बसवण्याआधी एक तोंड बंद करून डबा पाण्याच्या बादलीत बुडवा आणि दुसऱ्या तोंडाने फुंका. बुडबुडा आला की ओ-रिंग बदला.

टर्बो पेट्रोलला बूस्ट (टर्बोचा दाब) आल्यावर मॅनिफोल्डमध्ये व्हॅक्यूमऐवजी दाब असतो. पीसीव्हीचा एकमार्गी व्हॉल्व तेव्हा बंद होतो आणि गॅस दुसऱ्या पाइपने टर्बोच्या तोंडाकडे जातो. एकाच पाइपवर डबा लावला तर अर्धंच काम होतं.

आरटीओ_ची_वाट

दुसरं तोंड मोकळं ठेवून वर फिल्टर लावलेले बरेच फोटो दिसतात. असं का करू नये ते स्पष्ट लिहा, कारण ॲक्सेसरीवाले हेच सुचवतात.

तेराचा_पाना

कारणं तीन, आणि तिन्ही वजनदार.

चेंबरमधला गॅस बाहेरच्या हवेत सोडणं प्रदूषणाच्या नियमांत बसत नाही. बीएस (भारत स्टेज) मानकांत पेट्रोल गाड्यांना तर क्रँककेसच्या उत्सर्जनाची वेगळी चाचणीच आहे. दुसरं, तो गॅस बॉनेटखालून एसीच्या हवेसोबत गाडीत येतो. जळलेल्या ऑइलचा वास आणि डोकेदुखी, लहान मुलं गाडीत असतील तर अजिबात नको. तिसरं, टर्बोकडून मिळणारी हलकी ओढ तुटते, त्यामुळे चेंबरमधली पाण्याची वाफ आणि आम्लयुक्त गॅस नीट निघत नाही आणि ऑइल लवकर खराब होतं. शिवाय हवेच्या पाइपचं ते भोक बंद करायचं राहिलं तर फिल्टर न झालेली धूळ थेट टर्बोत.

वॉरंटीतल्या गाडीला हात लावू नका. ब्रीदर पाइप कापलेला दिसला की टर्बो आणि इंजिनचा दावा नाकारायला तेवढं कारण पुरतं. मूळ पाइप न कापता काढून जपून ठेवा आणि नवीन पाइप लावा, म्हणजे कधीही मूळ जोडणी परत करता येते.

टोरंटोतून

थंड देशांत राहणाऱ्यांसाठी. कॅनडा, अमेरिकेचा उत्तर भाग, स्कँडिनेव्हिया इथे हिवाळ्यात डब्यात ऑइलपेक्षा पाणी जास्त जमतं. ब्लो-बायमधली वाफ थंड डब्यात पाणी होते आणि रात्रीत उणे १५-२० अंशांना गोठते. बर्फाने नोझल बंद झालं की सकाळी गाडी सुरू करताच दाब साचतो आणि मागचं क्रँक सील बाहेर येतं. इथे एकतर हिवाळ्याचे चार-पाच महिने डबा काढून मूळ पाइप लावावा, किंवा डबा पुढे ग्रिलजवळ न बसवता इंजिनच्या उबेत बसवून पाइपला फोमचं आवरण द्यावं आणि दर आठवड्याला रिकामा करावा. लेह किंवा स्पितीला हिवाळ्यात गाडी नेणाऱ्यांनाही हेच लागू.

मुळशीकर

बसवायची जागा आणि रिकामं करण्याचं वेळापत्रक सांगाल का? पावसाळ्यात वेगळं काही?

तेराचा_पाना

जागा: डबा बॉडीला बसवा, इंजिनला नको. इंजिन हलतं, त्याचा मार ब्रॅकेटवर येतो. बॅटरी ट्रेच्या बाजूची किंवा सस्पेन्शनच्या टॉवरजवळची आधीपासून असलेली एम६ किंवा एम८ ची भोकं बघा, नवीन भोक शक्यतो पाडू नका. ब्रॅकेट ३ मिमीच्या लोखंडी पट्टीचा, प्रायमर मारून. बोल्टखाली रबरी वॉशर आणि नायलॉक नट. डब्यासोबत येणारा पातळ ॲल्युमिनियमचा ब्रॅकेट कंपनाने वाकणाच्या जागी तुटतो. टर्बो आणि एक्झॉस्टपासून किमान हातभर दूर, कारण गरम डब्यात धुकं थेंब होत नाही. डब्यातलं ऑइल तापलेल्या एक्झॉस्टवर सांडलं तर आग लागू शकते हेही ध्यानात ठेवा.

बॉनेटचं अंतर बघायला डब्याच्या डोक्यावर कणकेचा गोळा ठेवा, बॉनेट हळूच बंद करून उघडा. गोळ्याची जाडी २० मिमीपेक्षा जास्त राहिली तर जागा बरोबर. पाइपला इंजिनच्या हालचालीपुरता ढिलेपणा ठेवा; कोणाला तरी क्लच सोडत-दाबत इंजिन डोलवायला सांगा आणि पाइप ताणला जातो का ते बघा.

प्लास्टिकच्या जोडावर क्लिप आवळताना बेताने. रबर किंचित दबलं की थांबायचं. शंभर किलोमीटर चालवल्यावर थंड इंजिनवर सगळ्या क्लिपा एकदा पुन्हा बघा.

रिकामा करायचं म्हणाल तर पहिल्यांदा ५०० किमीला उघडा, मग किती जमतं त्यावरून ठरवा. साधारण दर १००० ते १५०० किमी, पण डबा कधीच एक तृतीयांशापेक्षा जास्त भरू द्यायचा नाही. डिझेलमध्ये हा नियम जिवावरचा आहे. भरलेल्या डब्यातून ऑइल थेट टर्बोत ओढलं गेलं तर इंजिन स्वतःच्या ऑइलवर धावायला लागतं, किल्ली काढली तरी थांबत नाही आणि आरपीएम चढतच जातो. असं झालं तर ब्रेक पूर्ण दाबून, हँडब्रेक लावून, सर्वांत वरचा गिअर टाकून क्लच सोडा आणि इंजिन बंद पाडा. चालत्या इंजिनच्या हवेच्या पाइपला हाताने बंद करायला जाऊ नका.

पावसाळ्यात आणि छोट्या फेऱ्यांच्या गाडीत डब्यात पिवळसर दुधाळ पदार्थ दिसेल. ते पाणी आणि ऑइलचं मिश्रण आहे. डिपस्टिक स्वच्छ असेल आणि कूलंटची पातळी स्थिर असेल तर घाबरू नका, हेड गॅस्केटची शंका घेण्याचं कारण नाही. त्या दिवसांत दर ५०० किमीला रिकामा करा. जमलेलं परत इंजिनात ओतू नका, त्यात पाणी, इंधन आणि आम्ल असतं. गटारातही नाही, वापरलेलं ऑइल घातक कचऱ्यात मोडतं. बाटलीत साठवा आणि सर्व्हिसिंगच्या वेळी गॅरेजच्या जुन्या ऑइलच्या पिंपात द्या.

किल्ली_चालू

किती जमलं तर इंजिन दाखवायला न्यावं?

लेथमास्तर_चाकण

एका फेरीच्या आकड्यावरून ठरवू नका, मापाच्या बाटलीत ओतून वहीत लिहा. हजार किमीला चमचा-दोन चमचे काळं ऑइल हे चाललंय ते ठीक. शंभर मिली येऊ लागलं, किंवा आधी वीस येत होतं ते अचानक साठ झालं, तर आधी ऑइलची पातळी आणि एअर फिल्टर, मग पाण्याच्या नळीने दाब, मग कॉम्प्रेशन आणि लीक-डाउन (सिलिंडरमध्ये हवा भरून ती किती गळते ते बघणं). नळीतला आकडा डबा लावतानाच्या आकड्याइतकाच असेल तर रिंगांपेक्षा सेपरेटर आधी उघडा. आकडा दाबाकडे सरकलेला असेल तर आधी डब्याची जाळी काढून पुन्हा मोजा, कारण घासणी गाळाने तुंबल्यावरही हेच दिसतं. घासणी दर सर्व्हिसिंगला नवीन घाला, तीस रुपयांची वस्तू आहे.